हिरडी-रोपण

हिरडी-रोपण : हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले असता किंवा दाताभोवतीची घट्ट हिरडी अपुरी असता तोंडातील दुसऱ्या जागेचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा–पेशींचा–समूह) घेऊन ते उणीव असलेल्या जागी बसविण्याच्या शस्त्रक्रियेस हिरडी-रोपण म्हणतात. बसविलेल्या तुकड्याला कलम, तो जेथून घेतात त्या जागेला दाता-स्थान व जेथे बसवितात त्या जागेला ग्राही-स्थान अशा संज्ञा आहेत. कलम रुग्णाच्याच तोंडातील असल्यामुळे शरीर ते परके म्हणून नाकारीत नाही. मात्र एका जागेचा दोष दूर करण्यासाठी दुसऱ्या निरोगी जागी जखम करावी लागते. ग्राही-स्थानी होणारा लाभ व दाता-स्थानी सोसावा लागणारा त्रास यांचा मेळ घालणे हा या शस्त्रक्रियेतील मुख्य प्रश्न असून त्याचा निर्णय बव्हंशी दाता-स्थानाच्या निवडीवर अवलंबून असतो. [⟶ दंतवैद्यक].

हिरडीची रचना : तोंडाच्या आतील अस्तरास श्लेष्मकला म्हणतात. ती सर्वत्र सारखी नसते. चावताना घर्षण व दाब सहन करणाऱ्या भागांवर, म्हणजे हिरडी व कठीण टाळू यांवर, ती जाड, फिकट गुलाबी व खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि तिच्या अधिस्तरावर (सर्वांत बाहेरच्या कोशिका-थरावर) केराटीन या कणखर प्रथिनाचे आवरण असते. गालाच्या व ओठाच्या आतील बाजूची श्लेष्मकला याउलट पातळ, लालसर, सैल व केराटीनरहित असते. ओठ बाजूस ओढून आरशात पाहिल्यास या दोन प्रकारांमधील सीमारेषा स्पष्ट दिसते. दाताच्या मुळाला व हाडाला घट्ट बांधलेल्या हिरडीस बद्ध हिरडी म्हणतात. ओठ व गाल हलताना पडणारा ताण ती दातांच्या कडेपर्यंत पोहोचू देत नाही. अधिस्तराखाली कोलॅजन तंतूंनी बनलेले संयोजी ऊतक (आधार देणारे व जोडणारे ऊतक) असते. हिरडीची व टाळूची रचना सारखी असल्यामुळेच हिरडीला कलम हवे असता टाळूकडे प्रथम लक्ष जाते.

हिरडी मागे सरणे : दाताच्या शिखरावरील दंतवल्क (एनॅमल) जेथे संपते त्या मानेच्या रेषेपाशी निरोगी हिरडीची कड असते. ती या रेषेच्या मुळाकडील बाजूस सरकली म्हणजे मूळ उघडे पडते. दात लांब दिसू लागतो, थंड पदार्थाने ठणक लागते व मऊ मूळ झिजते किंवा किडते. कडक ब्रशाने जोरात व आडवे घासणे, दातांवरील कीटण व त्यामुळे होणारा शोथ (दाहयुक्त सूज), दात ओळीबाहेर असणे, मुळावरील हाड व हिरडी जन्मतःच पातळ असणे, ओठाचा पडदा हिरडीच्या कडेजवळ चिकटलेला असणे ही याची प्रमुख कारणे होत. महाराष्ट्रात मशेरी बोटाने दातांवर व हिरड्यांवर चोळण्याची सवय आहे. तीत घर्षण व तंबाखू अशी दोन्ही कारणे एकत्र येतात. ती सुटल्याशिवाय केलेले रोपण टिकाऊ ठरण्याची आशा धरता येत नाही.

मागे सरलेल्या प्रत्येक हिरडीवर शस्त्रक्रिया करावी लागते असे नाही. एन. पी. लांग व एच. लोए यांनी १९७२ मध्ये केराटीनयुक्त हिरडीची रुंदी २ मिमी. पेक्षा कमी असल्यास शोथ टिकून राहतो असे मत मांडले होते. परंतु स्वच्छता चांगली राखल्यास याहून अरुंद हिरडीही निरोगी राहू शकते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. हिरडी सरत जाणे, ठणक न थांबणे, दंतपंक्ती सरळ करण्याच्या उपचारापूर्वी हिरडी फार पातळ असणे, हाडात बसविलेल्या कृत्रिम दंतमुळाभोवती घासताना दुखणे आणि दिसण्यातील व्यंग रुग्णाला जाचणे ही रोपणाची सबळ कारणे आहेत. मूळ कितपत झाकले जाईल हे दोन दातांमधील हाडाच्या व हिरडीच्या उंचीवर अवलंबून असते. पी. डी. मिलर यांचे १९८५ चे चार वर्गांचे आणि एफ. कैरो व त्यांचे सहकारी यांचे २०११ चे तीन प्रकारांचे वर्गीकरण याच तत्त्वावर आधारलेले आहे. दातांमधील ऊतके शाबूत असल्यास मूळ पूर्ण झाकता येते. ती फार नष्ट झाली असल्यास कोणतेही कलम ते पूर्णपणे झाकू शकत नाही.

इतिहास : जवळच्या ऊतकाचा पट एका बाजूने मूळ जागेशी जोडलेला ठेवून वळविणे ही कल्पना शस्त्रक्रियेत फार जुनी आहे. भारतात कपाळावरील त्वचेचा असा पट वळवून नाक घडवीत असत. पुणे येथे झालेल्या अशा शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये १७९४ मध्ये छापले गेले व त्यामुळे यूरोपीय शल्यचिकित्सकांचे तिच्याकडे लक्ष वेधले. हिरडीच्या बाबतीत हे तत्त्व एच. ई. ग्रुप व आर. एफ. वॉरन यांनी १९५६ मध्ये शेजारच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून वापरले. मूळ जागेपासून पूर्णपणे सुटे केलेले हिरडी-कलम एच. ब्यर्न यांनी १९६३ मध्ये स्वीडनमध्ये वर्णिले. १९६८ मध्ये एच. सी. सलिव्हन व जे. एच. अ‍ॅटकिन्स यांनी अशा मुक्त कलमाच्या यशाची तत्त्वे सुसूत्रपणे मांडली. ए. एडेल यांनी १९७४ मध्ये अधिस्तराविना केवळ संयोजी ऊतकाचे कलम वापरले. १९८५ मध्ये बी. लँगर व एल. लँगर यांनी असे कलम पटाखाली झाकून मूळ आच्छादण्याची पद्धती प्रसिद्ध केली; त्याच वर्षी पी. बी. रेत्सके यांनी पाकिटासारखी पोकळी करून तीत कलम सरकविण्याची पद्धती वर्णिली.

दाता-स्थानाच्या निवडीला शास्त्रीय पाया मिळाला तो टी. कॅरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांमुळे. हिरडीखालील व सैल श्लेष्मकलेखालील संयोजी ऊतकांचे तुकडे त्यांनी सैल श्लेष्मकलेत बसविले व नंतर उघडे केले. भोवतालच्या एकाच सैल श्लेष्मकलेचा अधिस्तर दोहोंवर पसरला. परंतु हिरडीच्या ऊतकावर तो केराटीनयुक्त झाला, तर सैल ऊतकावर केराटीनरहित राहिला. अधिस्तराचे स्वरूप त्याखालील संयोजी ऊतक ठरविते, असा याचा अर्थ होतो. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधल्यास फळ हापूसचेच येते, तसाच हा प्रकार होय. म्हणून दाता-स्थान निवडणे म्हणजे केवळ तुकडा कोठून मिळेल हे पाहणे नसून ग्राही-स्थानी पुढे कोणत्या गुणधर्माचे ऊतक नांदेल हे ठरविणे होय.

कलम जगण्याची प्रक्रिया : सुट्या कलमाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले सु. तीन दिवस ते ग्राही-स्थानातून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. दुसऱ्या ते अकराव्या दिवसांदरम्यान ग्राही-स्थानातील केशवाहिन्या त्यात शिरून रक्ताभिसरण सुरू होते आणि साधारणतः सहाव्या आठवड्यापर्यंत ऊतक परिपक्व होते. सुरुवातीच्या दिवसांत कलमाखाली रक्ताची गुठळी साचली किंवा ते हलले, तर हे पोषण तुटते व ते मरते. दाताच्या उघड्या मुळाला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे मुळावरील भागाचे पोषण कडेने व वरच्या पटातून व्हावे लागते. पट पांघरलेले कलम मुळावर अधिक भरवशाचे ठरते, याचे कारण हेच होय.

कलमाच्या जाडीलाही महत्त्व आहे. फार पातळ कलम लवकर जगते, पण भरून येताना अधिक आकसते. फार जाड कलमाच्या वरच्या थरापर्यंत पोषण पोहोचण्यास विलंब लागतो व दाता-स्थानी खोल जखम होते. अधिस्तरासह घेतलेल्या मुक्त कलमासाठी सु. १ ते १·५ मिमी. जाडी सोयीची समजतात. काही रुग्णांत पुढील महिन्यांत हिरडीची कड आपोआप थोडी दाताकडे सरकते व उरलेले मूळ अंशतः झाकले जाते.

दाता-स्थाने : (१) शेजारची हिरडी : लगतच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून किंवा त्याच दाताची हिरडी वर ओढून मूळ झाकता येते. पट एका बाजूने जोडलेला असल्यामुळे रक्तपुरवठा चालू राहतो, रंग हुबेहूब जुळतो व दूरच्या जागी दुसरी जखम होत नाही. परंतु शेजारची हिरडी पुरेशी रुंद व जाड असावी लागते. एरवी एका दाताचे मूळ झाकताना दुसऱ्याचे उघडे पडण्याचा धोका असतो. पातळ हिरडीचा पट नुसता ओढून बसविल्यास ती पुन्हा सरण्याचा संभव असतो. म्हणून अशा पटाखाली संयोजी ऊतकाचे कलम घालतात.

(२) टाळूची बाजू : हे सर्वाधिक वापरले जाणारे दाता-स्थान आहे. येथील श्लेष्मकला साधारणतः २ ते ४ मिमी. जाड असते, मात्र व्यक्तीपरत्वे व जागेपरत्वे तीत बराच फरक आढळतो. दातांपासून टाळूच्या मध्याकडे जाताना तिची जाडी वाढते. पहिल्या दाढेच्या टाळूकडील मुळावर हाडाचा उंचवटा असल्यामुळे तेथे ती पातळ असते. सुळ्यामागील जागेपासून पहिल्या दाढेच्या या मुळापर्यंतचा, म्हणजे मुख्यतः उपदाढांजवळचा, पट्टा कलमासाठी सर्वांत योग्य होय. त्याच्या पुढे टाळूच्या वळ्या येतात व त्यांसह घेतलेले कलम नव्या जागीही वळ्या दाखविते. मागील भागात संयोजी ऊतकाखाली लाला ग्रंथी असतात, तर पुढील भागात मेदाचे (चरबीचे) प्रमाण अधिक असते. मेद व ग्रंथी कलमात आल्यास त्याचे पोषण नीट होत नाही.

येथील मुख्य धोका बृहत् तालू-रोहिणीचा आहे. ही रक्तवाहिनी तंत्रिकेसह (मज्जेसह) दुसऱ्या व तिसऱ्या दाढांच्या आसपासच्या छिद्रातून बाहेर पडते व हाडातील खोबणीतून पुढे जाते. जी. एम. रायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दिलेल्या मापांनुसार दाताच्या मानेपासून तिचे अंतर उथळ टाळूत सु. ७ मिमी., मध्यम टाळूत सु. १२ मिमी. व उंच टाळूत सु. १७ मिमी. असते. हिरडीच्या कडेला इजा होऊ नये म्हणून छेद तिच्यापासून किमान २ मिमी. दूर घेतात व रक्तवाहिनीपासूनही तितकेच अंतर राखतात. ही दोन्ही अंतरे वजा केल्यास उथळ टाळूत सु. ३ मिमी. रुंदीची पट्टीच हाती राहते. त्यामुळे एकच शस्त्रक्रिया एका रुग्णात सुलभ, तर दुसऱ्यात जोखमीची ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी टाळूची उंची पाहणे व संवेदनाहरणानंतर सुईने ऊतकाची जाडी मोजणे यांमुळे हा धोका पुष्कळ कमी होतो.

टाळूतून कलम मुख्यतः तीन प्रकारे घेतात. पहिल्यात अधिस्तरासह वरचा थर कापून घेतात. ही कृती सोपी असते. पण जखम उघडी राहून ती दोन ते चार आठवड्यांत कडेने भरून येते व तोवर जळजळ व खाताना वेदना होतात. दुसऱ्यात अधिस्तराचा पट झाकणासारखा उचलून किंवा एकाच छेदातून आत शिरून खालचे संयोजी ऊतक काढतात व पट टाके घालून पुन्हा बसवितात. अशी जखम लवकर भरते व त्रास कमी होतो. मात्र झाकणाचा पट फार पातळ राहिल्यास तो मरतो आणि मग ही जखम पहिल्या प्रकारापेक्षाही कष्टप्रद होते. तिसऱ्यात वरचा थर घेऊन तोंडाबाहेर त्यावरील अधिस्तर पात्याने खरवडून काढतात. हाडापासून दूरच्या या थरात कोलॅजन दाट व मेद कमी असतो, त्यामुळे पातळ टाळूतही चांगले संयोजी ऊतक मिळते. वेदना केवळ पद्धतीवर नव्हे, तर काढलेल्या ऊतकाच्या आकारमानावर व खोलीवरही अवलंबून असतात, असे तौलनिक अभ्यासांत आढळले आहे. गरजेपुरतेच ऊतक घेणे हा म्हणूनच पहिला नियम होय.

(३) शेवटच्या दाढेमागील उंचवटा : वरच्या जबड्यात शेवटच्या दाढेमागे हाडाचा गोलसर उंचवटा असतो व त्यावरील श्लेष्मकला तोंडातील सर्वांत जाड श्लेष्मकलांपैकी आहे. टाळूच्या बाजूशी तुलना करता येथे कोलॅजन अधिक दाट व मेद आणि ग्रंथी फार कमी असतात. मोठी रोहिणी जवळ नसल्यामुळे रक्तस्राव कमी होतो, जखमेच्या कडा टाक्यांनी जुळविता येतात व जिभेचा स्पर्श क्वचितच होत असल्यामुळे वेदनाही कमी असतात. परंतु येथे ऊतक थोडेच, एकदोन दातांपुरते, मिळते. अक्कलदाढ उगवलेली असल्यास तेवढेही मिळत नाही व तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णांत तेथवर हत्यार नेणे कठीण जाते. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने श्लेष्मकला ताठर होऊन तोंड उघडेनासे झालेल्या रुग्णांत ही अडचण विशेष जाणवते. येथील कलम कमी आकसते, काही रुग्णांत तर ते प्रमाणाबाहेर वाढून हिरडी फुगीर दिसते. खड्डा भरून काढावयाचा असल्यास हा गुण ठरतो, तर समोरच्या दातांवर पातळ व रेखीव कड हवी असल्यास तो दोष ठरतो.

(४) दंतहीन कडा : दात पडून गेलेल्या जागी हाडाच्या कडेवरील श्लेष्मकलाही केराटीनयुक्त असते व तिचे लहान कलम घेता येते. तेथे पुढे कृत्रिम दंतमूळ बसवावयाचे असल्यास ही जागा राखून ठेवणे इष्ट असते.

गालाची व ओठाची आतील बाजू सहज हाती येते व तेथील जखमही लवकर भरते. तथापि घट्ट हिरडी निर्माण करावयाची असल्यास ती निरुपयोगी असते, कारण तेथील ऊतक नव्या जागीही सैल व केराटीनरहितच राहते.

पर्यायी द्रव्ये : दुसरी जखम टाळण्यासाठी मृत दात्याच्या त्वचेतून कोशिका काढून टाकून केलेली जाळी १९९० नंतरच्या दशकात दंतशल्यक्रियेत आली. पुढे डुकराच्या कोलॅजनापासून केलेली जाळीही उपलब्ध झाली. रुग्णाच्याच रक्तापासून फायब्रिनाचे पटल तयार करून वापरण्याची पद्धतीही रूढ झाली आहे. या द्रव्यांनी शस्त्रक्रियेचा वेळ व वेदना कमी होतात व अनेक दातांवर एकाच वेळी काम करता येते. तथापि त्यांत जिवंत कोशिका नसल्यामुळे किंवा अत्यल्प असल्यामुळे केराटीनयुक्त हिरडीची वाढ स्वतःच्या कलमाइतकी भरवशाची होत नाही. शिवाय ती महाग असतात. काही द्रव्यांचा उगम प्राण्यात किंवा मृत व्यक्तीत असल्यामुळे तो रुग्णास आधी सांगून त्याची संमती घेणे आवश्यक असते.

निवड : वरील सर्व स्थानांत सर्वश्रेष्ठ असे एकच स्थान सांगता येत नाही, प्रथम ग्राही-स्थानाची गरज निश्चित करावी लागते. खालच्या दातांसमोर किंवा कृत्रिम दंतमुळाभोवती केवळ घट्ट हिरडीची रुंदी वाढवावयाची असल्यास टाळूचे अधिस्तरासह घेतलेले कलम सर्वांत खात्रीचे ठरते. तेथे त्याचा फिकट, ठिगळासारखा रंग फारसा नजरेस येत नाही. समोरच्या दाताचे मूळ झाकावयाचे असल्यास हिरडीच्या पटाखाली ठेवलेले संयोजी ऊतक सर्वांत चांगला परिणाम देते. कारण पट रंग जुळवितो व कलम जाडी देते. एकदोन दातांसाठी थोडेच दाट ऊतक हवे असता दाढेमागील उंचवटा सोयीचा असतो. टाळू उथळ व पातळ असल्यास खरवडलेले कलम अथवा पर्यायी द्रव्य यांचा विचार करतात. शेजारची हिरडी भरपूर असल्यास दूरचे दाता-स्थान टाळणेच योग्य होय.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे व अनियंत्रित मधुमेह असलेले रुग्ण यांच्या बाबतीत वैद्याशी विचारविनिमय करूनच शस्त्रक्रिया ठरवितात. धूम्रपानाने रक्तपुरवठा घटतो व मूळ झाकले जाण्याचे प्रमाण कमी होते. टाळूतून रक्त आल्यास जखमेवर ओले कापड काही मिनिटे घट्ट दाबून धरतात. त्याने न थांबल्यास टाके घालतात. उघडी जखम कोलॅजनाच्या लादीने किंवा टाळूच्या मापाच्या प्लॅस्टिक पट्टीने झाकल्यास वेदना कमी होतात. पहिले काही आठवडे ग्राही-स्थानी ब्रश न लावता जंतुनाशक द्रवाने चूळ भरावयाची असते. नंतर मऊ ब्रशाने व योग्य रीतीने घासण्याची सवय रुग्णास लावून घ्यावी लागते. हिरडी ज्या सवयीमुळे मागे सरली ती तशीच राहिल्यास उत्तम दाता-स्थानातून घेतलेले कलमही कालांतराने मागे सरते व निरोगी जागी केलेली जखम व्यर्थ जाते.